माळावर अडकलेलं इमान

बीड जिल्ह्यात वनखात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. "जंगल कुठं हाय तुमच्याकडं? बाभळी राखायला ठिवलं व्हतं का सरकारनं?" हा प्रश्न मला लग्नात विचारला गेलाय, मयतीत विचारला गेलाय, आणि एकदा दाढ काढताना तोंडात चिमटा असतानाही विचारला गेलाय. त्या डॉक्टरला तेव्हा उत्तर देता आलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे. ते उत्तर इथं देतो, म्हणजे माझी दाढ थंड होईल.

अंबाजोगाईच्या अलीकडं बालाघाटाच्या डोंगरावर एक मोठा माळ आहे. उंच झाड औषधालाही नाही. गवत, बोरी, खुरट्या बाभळी, आणि फाल्गुनात मधूनच पेटल्यासारखा दिसणारा एखादा पळस. पण तिथं हरणं आहेत, लांडगे आहेत, खोकड, ससे, तितर, मोर सगळे नांदतात. या माळावर मी वनरक्षक होतो. लोक 'गारडसाहेब' म्हणायचे. राखायला दिलेल्या तुकड्याला खात्यात 'बीट' म्हणतात. नव्या लग्नात मी बायकोला म्हणालो, "बीटावर जाऊन येतो," तर ती म्हणाली, "येताना काकडी बी आणा." तिला कोशिंबीर वाटली होती.

माझी चौकी म्हणजे माळाच्या कडेची एक खोली, वर पत्रा. काम काय, तर चालायचं. पाणवठ्यात पाणी आहे का बघायचं, वणवा लागला तर ओल्या फांद्यांनी झोडपायचा, आणि शिकारी धरायचे. वसंत आला की इतर ठिकाणी लोकांना कविता सुचते, आमच्याकडं शिकार सुचते. हरभरा, ज्वारी घरात आलेली, हात मोकळे, गवत वाळून विरळ झालेलं, जनावर पाण्याला हमखास येणार, त्यात होळी-धुळवड. एकदा धुळवडीला मी एका गड्याला अडवलं. खांद्यावरचं पोतं वळवळत होतं.

"काय हाय पोत्यात?"

"कोंबडी हाय साहेब."

"आन हे कान कुणाचे बाहेर आलेत?"

त्यानं पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "गावरान हाय."

ससा सोडून दिला, गडी धरला. पण असे गडी मला मुळात सापडायचे ते एका बाईमुळं. ती बाई म्हणजे टिटवी. पिवळ्या काड्यांसारखे पाय, डोळ्यापुढं लाल कातडीचा तुकडा, आणि आवाज असा की मेलेला उठून बसेल. माळावर परका माणूस शिरला की ही त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत बोंब मारते. ती ओरडली की हरणं माना वर करतात, तितर गवतात दबतात आणि ससा बिळाकडं पळतो. मीही उठायचो. शिकाऱ्यांचा माझ्यापेक्षा तिच्यावर राग. मला निदान चहा तरी विचारायचे.

आता विमानाकडं येतो. फार पूर्वी आमच्या भागात कापसावर विमानातून औषध मारायचे. त्या विमानासाठी माळावर मुरमाची एक सपाट पट्टी केलेली होती. फवारणी बंद पडली, पट्टी तशीच राहिली. पट्टीच्या टोकाला, वनाच्या हद्दीबाहेर, रणजीतदादांची जमीन. दादा म्हणजे खालच्या गावातलं मोठं घर, मोठं रान, घरात पिढीजात पुढारपण आणि स्वतः पुढच्या निवडणुकीला गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले. त्यांनी तिथं लाकडाची एक टुमदार खोली बांधली आणि तिला 'केबिन' म्हणायला लागले. गावाला केबिन दोनच ठाऊक, एक ट्रकची आणि एक दवाखान्यातली. त्यामुळं दादा केबिनमध्ये गेलेत असं ऐकलं की निम्मे लोक विचारायचे, "ट्रक कुठं निघाला?" आणि निम्मे विचारायचे, "काय झालं दादांना?"

दादा पुण्याकडं विमान चालवायला शिकले होते. एका दोस्ताचं दोन माणसांचं छोटंसं विमान होतं, ते घेऊन दरवर्षी होळीच्या सुमाराला पट्टीवर उतरायचे. परवानग्या वगैरे त्यांचं ते बघायचे. आकाश माझ्या बीटात येत नव्हतं.

माझ्या नोकरीतला तो शेवटचा वसंत. पावसाळ्याच्या तोंडाला मी निवृत्त होणार होतो. सकाळी बिरूमामांचा फोन आला. बिरूमामा धनगर, उन्हाळाभर मेंढरं घेऊन माळावर असायचे, आणि माळावरची सगळी खबर, निम्मी खरी निम्मी स्वतःची, माझ्याकडं पोचती करायचे.

"साहेब, माळावर इमान उतरलंय."

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडं विमानाला इमान म्हणतात. आणि इमानालाही इमानच म्हणतात. बोलण्यावरून कळतं कोणतं ते. निदान मला तोपर्यंत तसं वाटायचं.

दादांबरोबर तो दोस्तही आला होता, आणि दोस्ताकडं एक लांबुळकी पिशवी. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता टिटवी ओरडायला लागली. रोजचं ओरडणं आणि हे ओरडणं यात फरक होता. मी चहा तसाच ठेवून निघालो. बघतो तर दोस्त हिरवे ठिपक्यांचे कपडे घालून, छऱ्याची बंदूक घेऊन तितराच्या मागं रांगतोय आणि त्याच्या डोक्यावर टिटवी गोल गोल फिरत त्याचा पत्ता सगळ्या माळाला सांगतेय. तितर केव्हाच पसार.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"निसर्ग बघतोय," तो जमिनीवरूनच म्हणाला.

"निसर्ग बघायला छर्रे लागतात?"

"ही आवाजासाठी आणलीय. पक्षी उडाले की छान दिसतात."

मी बंदूक जप्त केली, केस केली. दादा केबिनमधून तणतणत आले. "गारड, किती राहिलेत तुमचे?"

"पावसाळ्यापर्यंत हाय."

"नीट घरी जायचंय ना? का चौकशी लावून पाठवू?"

आमच्या खात्यात निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली की माणूस घरी जातो, पण सुटत नाही. कचेरीच्या पायऱ्या झिजवत म्हातारा होतो. मी असे दोघं जवळून बघितले होते. तरी बंदूक परत दिली नाही.

दादा रागारागात विमानाकडं गेले. आता इथं राहायचंच नाही म्हणाले. मी मागं मागं गेलो, आणि पट्टीच्या अगदी मधोमध माझा पाय हवेतच थांबला. खाली चार अंडी. मुरमाच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची, भोवती खडे रचलेले. काडी नाही, गवत नाही, उघड्यावर मांडलेला संसार. सकाळपासून टिटवी एवढी का पेटली होती ते आता कळलं. विमान उतरतानाचा चाकाचा ठसा अंड्यांपासून वीतभर अंतरावरून गेला होता.

विमानाचा पंखा फिरायला लागला. मी पट्टीत उभा राहिलो आणि एसटीच्या कंडक्टरसारखा हात वर केला.

"बाजूला व्हा!" दादा ओरडले.

"दादा, मधी अंडी हायत टिटवीची!"

"मग उचला की!"

आता हे नीट समजून घ्या. टिटवीची अंडी उचलून दुसरीकडं ठेवली की ती त्यांच्याकडं ढुंकून बघत नाही. आणि कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ नुसतं मारणं असा नाही. रानपाखराची अंडी फोडणं, घरटं हलवणं, हीसुद्धा शिकारच. मी ते दादांना मोठ्यानं सांगितलं. सकाळपासून एक तितर न मिळालेला तो दोस्त चकित झाला. "म्हणजे बंदुकीनं जमलं नाही ते चाकानं जमेल?" तो म्हणाला. दादांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो आत जाऊन बसला.

पट्टीच्या एका बाजूला धोंडे, दुसरीकडं ओघळ. वळसा घालायला जागा नाही, आणि उडायला सगळी लांबी पाहिजे. दादा म्हणाले, तुमच्या साहेबाशी बोलतो. मी म्हटलं, आधी मी बोलतो. मी फोन लावला. गडबडीत माणूस आपल्या बोलीत बोलतो.

"साहेब, मोठी पंचाईत झालीय. इमान अडकलंय माळावर."

"कुणाचं इमान?"

"रणजीतदादांचं."

साहेबांनी आवाज खाली आणला. "त्यांना आहे?"

"हाय की साहेब. पांढरं हाय. दोन माणसं बसतात."

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते म्हणाले, "तुम्ही तुमच्या पातळीवर बघा." सरकारी नोकरीत या वाक्याचा अर्थ एकच, की तुम्ही मेलात. मग दादांनी फोन लावला. कुणाला ते माहीत नाही, पण फोन ठेवल्यावर ते हसले. "व्हा बाजूला आता. तुमची जबाबदारी संपली."

मी झालो नाही. धाडस म्हणून नव्हे, पाय उचलेनात. विमान हळूहळू पुढं सरकायला लागलं. टिटवी अंड्यांवर येऊन बसली, चोच वर करून, त्या फिरत्या पंख्याकडं बघत. एवढीशी मूठभर बाई. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धुरळ्यानं आलं असं मी बायकोला सांगितलं.

तेवढ्यात मेंढरांचा लोंढा पट्टीवर आला आणि त्यामागून बिरूमामा. मेंढरांपुढं विमानाचं काही चालत नाही. पंखा बंद झाला. मामांनी अंडी बघितली, खाली बसले, वाकून चारी बाजूंनी बघितली, आणि डोक्याचा फेटा काढून हातात घेतला.

"चार हायत," ते हळू आवाजात म्हणाले. "टोकं खाली. आन तेबी माळावर! दादा, औंदा लई पाऊस. चारी महिने."

जुनी माणसं असं मानतात. टिटवीनं सखल जागी अंडी घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर दांडगा. टोकं खाली असली तर जोराचा, आणि जितकी अंडी तितके महिने. मला हे पटतं का? नाही. एका टिटवीनं एकदा चौकीच्या पत्र्यावर अंडी घातली होती, त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं. पण त्या क्षणी खरं-खोटं करायची मला काही घाई नव्हती.

"आन तुमी ह्याच्यावरून इमान न्हेणार, दादा?" मामांनी विचारलं. "कशापायी?"

दादांनी अंड्यांकडं बघितलं, मग मामांकडं. ते हिशेब करत होते, आणि मला तो त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होता. अंडी फुटली, आणि पुढं पाऊस नाही आला, तर अख्खा तालुका कुणाचं नाव घेईल? ते गप खाली उतरले, जीप मागवली आणि दोस्ताला घेऊन निघून गेले. विमान माळावरच राहिलं. जाताना काच खाली करून मला म्हणाले, "चौकशीचं मी विसरलेलो नाही."

आता मला वाटलं, सुटलो. कसलं काय! मामांनी मेंढरांआधी बातमी खाली उतरवली होती. दुसऱ्या दिवसापासून तेलगाव, दिंद्रुडकडून टमटम भरभरून माणसं यायला लागली. टिटवीची अंडी आणि इमान, एकाच ठिकाणी दोन्ही बघायला मिळणार, फुकट! नारळ आले, उदबत्त्या आल्या, बर्फगोळ्याचा गाडा आला. एक म्हातारी अंड्यांना हळद-कुंकू लावायला निघाली, तिला अडवता अडवता माझाच सदरा पिवळा झाला. एकानं विचारलं, "गारडसाहेब, यातलं मिरगाचं अंडं कोणतं?" नोकरीभर मी शिकाऱ्यांपासून पाखरं राखली, शेवटच्या वर्षी भक्तांपासून राखायची पाळी आली. मी लांबून दोरी बांधली आणि दिवसभर विमानाच्या पंखाच्या सावलीत बसून राहिलो. टिटवी गर्दीला शिव्या देऊन देऊन दमायची, मग पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून यायची आणि तापलेल्या अंड्यांवर ओल्या पोटानं बसायची. ते बघितलं की गर्दीतल्या बाया चुकचुकायच्या आणि आपापल्या पोरांना जवळ ओढायच्या.

बायको भाकरी घेऊन आली. मला विमानाखाली बसलेलं बघून पदर तोंडाला लावून हसली. "सगळ्या नोकरीत सरकारनं एक धड खुर्ची दिली न्हाई. निघताना इमान दिलं बघा."

तिकडं दोस्त विमान परत मागायला लागला. शेवटी पुण्याहून मेकॅनिक आला, त्यानं विमानाचे पंख सोडवले, आणि ते धूड उसाच्या ट्रॉलीत दोरखंडानं बांधलं. आमच्याकडं ट्रॉलीत दोरखंडानं काहीही बांधतात, पण हे पहिलंच. ट्रॅक्टर घाट उतरून गावात शिरला तसे लोक घराबाहेर आले. दादा ट्रॅक्टरच्या शेजारून मान खाली घालून जीपमध्ये. पारावरून कुणीतरी ओरडलं, "दादा, चिन्ह भेटलं का? इमान?"

आणि इथं दादांनी मान वर केली. पुढारी घरातला माणूस तो. क्षणात जीपमध्ये उभे राहिले, हात जोडले, आणि म्हणाले, "पावसासाठी इमान जमिनीवर ठेवलं मी! तुमच्यासाठी!" झालं. बँडवाले कुठून आले देव जाणे. संध्याकाळपर्यंत चौकात फलक लागला, त्यावर दादांचा हसरा फोटो, कोपऱ्यात टिटवी म्हणून कुणीतरी बगळा टाकला होता, आणि खाली मोठ्या अक्षरात 'टिटवीरक्षक'. मी तो फलक बराच वेळ उभा राहून बघितला. राग आला. आला म्हणजे काय, जेवण गेलं नाही.

पुढं आठवडाभरानं दुपारी आभाळ भरून आलं. चैत्रातलं आमचं आभाळ भरवशाचं नसतं. आधी वारा, मग पत्र्यावर टण टण. गारा. लिंबाएवढ्या. मी चौकीच्या दारात उभा, पट्टी तिथून नजरेच्या टप्प्यात. माझ्याजवळ घमेलं होतं, पोतं होतं, छत्री होती. पळत जावं आणि तिच्यावर धरावं असं मनात आलं. पण मी गेलो तर ती उठणार, उठली की अंडी उघडी. म्हणून मी जागचा हललो नाही. समोर पांढरा पडदा, आणि त्यात ती बसलेली, पंख किंचित पसरून, गारा अंगावर घेत. ओरडली नाही. तिला मी आयुष्यात त्या एकाच वेळी गप्प बघितलं. तेवढ्या वेळात मी किती देव आठवले ते विचारू नका.

गारा थांबल्यावर लांबून दुर्बिणीतून बघितलं. ती उठली, अंग झटकलं, चोचीनं काहीतरी सारलं. एक अंडं गेलं होतं. तीन शाबूत. पुढं तिन्ही फुटली आणि त्याच दिवशी काड्यांच्या पायांवर ठिपक्यांचे कापसाचे तीन गोळे माळावर पळायला लागले. मी बिरूमामांना सांगितलं. त्यांनी बोटं मोजली. "मंजी तीन महिने पाऊस. चौथा गारानं खाल्ला."

दादांनी लगेच माळावरच सत्काराचा कार्यक्रम ठरवला. स्वतःचा. पण टिटवी राखणारा गारड मंचावर नसेल तर बरं दिसणार नाही, असं त्यांना कुणीतरी सुचवलं असणार. ज्या माणसाला हार घालायचा त्याच्यावर चौकशी लावता येत नाही, एवढं मलाही कळत होतं. इस्त्रीचा गणवेश घालून मी गेलो. मंडप, सतरंज्या, कर्णे. 'पिल्लं लांब आहेत, आवाज हळू ठेवा' असं मी तीनदा सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही.

दादा हार घालायला माझ्याजवळ आले. गळ्यात हार टाकता टाकता माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "ते बंदुकीचं तेवढं मिटवून टाका. चौकशीचं मी मिटवतो."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मन डळमळलं. कचेरीच्या पायऱ्या डोळ्यांपुढं आल्या. एक बंदूक, एक न मेलेला तितर. कुणाचं काय जाणार होतं? मी तोंड उघडलं, काय बोलणार होतो ते आजही मला माहीत नाही, आणि तेवढ्यात वरून 'टिटीव टिटीव' करत ती आली. सरळ दादांच्या फेट्यावर झेप. फेटा सतरंजीवर. दुसरी झेप माझ्यावर. मी टोपीसकट खाली बसलो. तिच्या लेखी दोघंही सारखेच, माळावर आलेले दोन पुरुष.

उठून बघतो तर समोर सगळे चिडीचूप. मला वाटलं टिटवीमुळं. मग लक्षात आलं, दादांच्या हातातला माईक सुरूच होता. कानात सांगितलेलं सगळ्या माळानं ऐकलं होतं.

पहिल्या रांगेत बिरूमामा काठी टेकवून बसले होते. ते सावकाश उठले.

"दादा," ते म्हणाले, "एक इमान ट्रॉलीत घालून न्हेलंत. आता गारडसाहेबाचं बी न्हेता का?"

मंडप जो हसला, तो हसला. दादाही हसले, हसण्यावाचून इलाज नव्हता. मी हार काढून हातात घेतला आणि माईकमध्ये म्हणालो, "माझं जाग्यावर राहू द्या. ट्रॉलीत मावायचं न्हाई."